वायपरला दम लागतो तेव्हा



गेल्या अंकात आम्ही गुडघ्यांवर लिहिलं होतं. त्यावर तिघाचौघांचे फोन आले, की बाई, आता डोळ्यांवर लिहा. मनात तेच होतं. पण मधेच नातवाचा फोन आला आणि या खेपेचं लिखाण डोळ्यांवरून बसच्या काचेवर गेलं. तसं फार लांब गेलं नाही. पुढची काच म्हणजे ड्रायव्हरचा डोळा आणि वायपर ही त्याची पापणी. पापणी लवलीच नाही तर डोळा धड असून उपयोग काय?

आमचा नातू इथला, हॉलंडचाच जन्म. मराठी सगळी समजते, बोलतोही बऱ्यापैकी, पण वाचता येत नाही. दर रविवारी तो आणि त्याचे मित्र एका शेडमध्ये जमून एक जुनी बस दुरुस्त करतात. या देशात असे हौशी लोक पुष्कळ. उत्तरेला ग्रोनिंगेन प्रांतात होखेझांड गावी तर बसचं राष्ट्रीय संग्रहालयच आहे. आमच्या मुलांकडे आपली एकच बस, साठीची. म्हणजे आमच्यापेक्षा तरुण, पण तक्रारी त्याच.

"आजी, आजोबांची ती तेलाचे डाग पडलेली वही आहे का गं अजून?"

वही कुठे जाणार? आमचे यजमान बसच्या गॅरेजात अठ्ठावीस वर्षं फिटर होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. डच बोलायचे फाडफाड, पण लिहिताना स्पेलिंग चुकायचं, म्हणून कामाची टिपणं मराठीत. आता ती वही वाचू शकेल असं या घरात एकच माणूस उरलंय, ते म्हणजे आम्ही. आणि आम्हाला कळतात माणसं; यंत्रं नव्हेत.

तक्रार अशी होती. बसचे वायपर हवेवर चालतात. उजवीकडचा ठीक चालतो. डावीकडचा, म्हणजे ड्रायव्हरपुढचा (इथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात), एकदा जातो आणि पलीकडच्या टोकाला जाऊन थांबतो. परत येतच नाही. दोन आठवड्यांनी एका वृद्धाश्रमातल्या मंडळींना लिसच्या बाजूला ट्युलिपची शेतं दाखवायला न्यायचं ठरलेलं. दोघं म्हणाले, नवी मोटर शोधू. ती मिळेना. तिसरा म्हणाला, फोनवर पावसाचा अंदाज बघू, कोरडा दिवस असला तर तसेच जाऊ.

हे तिसऱ्याचं बोलणं ऐकून आम्ही चष्मा लावला आणि वही उघडली.

मुलांनो, आधी हवेचा वायपर म्हणजे काय ते ऐका. आजच्या गाड्यांत वायपर विजेच्या मोटरवर चालतो. जुन्या बऱ्याच बसमध्ये तो दाबलेल्या हवेवर चालायचा. बसचं इंजिन एक कॉम्प्रेसर चालवतं. तो बाहेरची हवा ओढून टाक्यांत दाबून भरतो. ही हवा मुख्यतः ब्रेकसाठी. तिच्यातलीच थोडी दारांना, थोडी वायपरला. काचेजवळ एक लहानशी डबी असते, तीच वायपरची मोटर. आत असतो दट्ट्या. एका बाजूने हवा आली की दट्ट्या सरकतो, त्याला जोडलेली दातेरी पट्टी छोटं चाक फिरवते आणि वायपरचा हात काचेवरून जातो. टोकाला पोचला की आतली झडप उलटते. मग हवा दुसऱ्या बाजूने येते, आणि पहिल्या बाजूची वापरलेली हवा एका भोकातून बाहेर पडते. फस्स... फस्स... पाऊस आला की दम्याचा पेशंट शेजारी बसल्यासारखं वाटे.

हवाच का? त्याचीही गोष्ट आहे. अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी १९०३ साली, आतून दांडा फिरवून बाहेरची काच पुसायच्या साधनाचं पेटंट घेतलं. न्यूयॉर्कच्या ट्राममध्ये बर्फ पडताना ड्रायव्हरचे हाल बघून त्यांना ते सुचलं होतं. पुढे १९२० च्या सुमारास इंजिनच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर, चालणारे वायपर आले. त्यांची खोड अशी, की चढावर ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला की ती ओढ कमी व्हायची आणि नेमका तेव्हाच वायपर मंदावायचा. डिझेल इंजिनात तर अशी ओढ जवळजवळ नसतेच. पण मोठ्या बसमध्ये ब्रेकसाठी दाबलेली हवा तयार होती. तिच्यावरच वायपर जोडले. बर्फात हात अडकला तर असा वायपर नुसता थांबून राहतो, विजेच्या मोटरसारखा जळत नाही.

जुन्या मंडळींना आठवत असेल, पावसाळ्यात रेवसची लाँच बंद झाली की अलिबागहून मुंबईला एसटीने पेण-पनवेलवरून जावं लागे. कर्नाळ्याच्या खिंडीत पाऊस असा कोसळायचा की पुढचा रस्ता गायब. ड्रायव्हर मग गाडी थांबवून काचेवर तंबाखू चोळायचे, पाणी पसरून न राहता सरकून जावं म्हणून. मुंबईत एकट्या जुलैत जेवढा पाऊस पडतो, साधारण तेवढाच, आठशे-साडेआठशे मिलिमीटर, इथे अख्ख्या वर्षात पडतो. पण तिकडचा धो धो कोसळून मोकळा होतो, इकडचा दिवसभर पिरपिरतो. तिकडे वायपरमध्ये जोर पाहिजे, इकडे दम.

आता एक स्वतःची गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हाला अजून लाज वाटते.

१९७९ चा नोव्हेंबर. आम्ही रात्रपाळीला निघालो होतो. बस गावाबाहेर बांधावरच्या रस्त्याला लागली. एका अंगाला कालवा, दिवे नाहीत, आडवा पाऊस. मधेच ते फस्स-फस्स मंदावलं, आणि दोन्ही वायपर काचेच्या मध्यावर येऊन उभे राहिले. ड्रायव्हरने हळूच बस कडेला घेतली. म्हणाला, "मला दिसत नाही. दिसत नाही तर मी चालवणार नाही."

वीस-बावीस माणसं कुरकुरायला लागली. खोटं कशाला बोला, त्यांत सगळ्यांत मोठा आवाज आमचा. वॉर्डात संध्याकाळच्या पाळीची नर्स आमची वाट बघत बसली असणार, आम्ही पोचल्याशिवाय तिला घरी जाता येणार नाही. "आता सरळच तर रस्ता आहे, हळूहळू चला की," असंही आम्ही त्या ड्रायव्हरला सुनावलं. तो हलला नाही. दुसरी बस यायला पाऊण तास गेला.

सकाळी घरी येऊन आम्ही यजमानांपुढे सगळा राग काढला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दोन्ही थांबले, की एकच?"

आम्ही भडकलो. आम्हाला ड्यूटीची पडलीय, यांना वायपरची! पण ते चहाचा कप ठेवून म्हणाले, "एक थांबला तर वायपर आजारी. दोन्ही एकदम थांबले तर बहुतेक हवा आजारी. आणि ब्रेकला तीच हवा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. टाकीतला दाब एका मर्यादेखाली गेला, की एक झडप आपोआप मिटते. ती वायपर-दारांकडे जाणारी हवा तोडते आणि उरलेली ब्रेकसाठी राखून ठेवते. पंगतीत ब्रेकचं पान पहिलं. वायपर शेवटच्या पंगतीला, उरलं तर. म्हणून हवेची तंगी आली की ती आधी वायपरला कळते, ब्रेकला मागाहून. त्या बसचा हवेचा पाइप एका जोडापाशी फुटला होता, हे यजमानांना पुढे ओळखीतून समजलं. म्हणजे ड्रायव्हर काच दिसत नाही म्हणून थांबला, आणि आम्ही ज्याला "हळूहळू चला" म्हणत होतो त्याच्या ब्रेकचाही भरवसा उरला नव्हता. पुढे तो ड्रायव्हर दोन-तीनदा दिसला. त्याची माफी मागायची राहूनच गेली.

असो. तर आम्ही वही वाचायला लागलो आणि नातू तिकडे टॉर्च घेऊन उभा. यजमानांनी प्रत्येक तक्रारीच्या डोक्यावर दोनच शब्द लिहिलेत : "आधी हवा."

पहिलं काम काटा बघणं. इंजिन चालू ठेवून दाब पूर्ण चढू द्यायचा, साधारण सात-आठ बार, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असतो त्याच्या तिप्पट. मग इंजिन बंद, वायपर बंद, आणि दहा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा डोळ्यांना दिसेल असा उतरला तर कुठेतरी गळतंय. आम्ही वॉर्डात शिरल्यावर आधी नाडी आणि ब्लडप्रेशर बघायचो, तक्रार पोटाची असो की पायाची. तसंच हे.

दुसरं, एक की दोन्ही. दोन्ही मंद असतील तर मोटरला हात लावू नका. टाकीपासून डॅशबोर्डवरच्या चावीपर्यंत शोधा : दबलेली नळी, तुंबलेलं फिल्टर, थंडीत गोठलेलं पाणी. एकच मंद असेल तर त्याच्याच नळीपासून पुढे शोधा.

तिसरं, वायपरचा हात काचेवरून उचलून धरा आणि चावी थोडीशीच उघडा. आता झपाट्याने हलला तर मोटर ठणठणीत आहे, दोष बाहेर : रबर कडक झालंय, स्प्रिंगचा दाब जास्त आहे, नाहीतर खुंटा गंजलाय. उचलूनही रडतखडतच हलला तर दोष आत.

चौथं, कान लावा. चावी बंद असताना फुसफुस येत असेल तर चावी गळते. वायपर चालताना फस्स-फस्सच्या मागे एकसुरी फुसफुस चालूच राहत असेल तर दट्ट्याचं रबर किंवा चामडं झिजलंय. कान पोचत नाही तिथे साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडे आले की सापडलं.

पाचवं, एका टोकाला जाऊन अडकत असेल तर दोन कारणं. एक, आतली उलटणारी झडप जुन्या तेलाच्या चिकट्याने बसलीय. दुसरं, वापरलेली हवा बाहेर पडायचं भोक बुजलंय.

हे पाचवं वाचताना आम्ही थांबलो. मुलांनो, तुम्ही घरी करून बघा. बिनसुईची रिकामी सिरिंज घ्या, दट्ट्या मागे ओढा, तोंडावर बोट घट्ट दाबा आणि आता दट्ट्या ढकला. थोडा जातो आणि अडतो. बोट काढा, सर्रकन जातो. दम्याच्या पेशंटचंही असंच. लोकांना वाटतं त्याला श्वास आत घेता येत नाही. त्याचा जास्त त्रास सोडताना असतो. जुनी हवा आत कोंडते, मग नवी शिरायला जागा उरत नाही.

आम्ही विचारलं, "अरे, याचं नाक कुठे आहे ते बघितलंस का?"

तिकडे थोडा वेळ शांतता. मग हसण्याचा आवाज. गेल्या हिवाळ्यात मुलांनी बसला नवा रंग काढला होता. हौसेच्या भरात ड्रायव्हरपुढच्या डबीवरही दोन हात मारले होते. भोकावरची फेल्टची चकती रंग पिऊन दगडासारखी झालेली! चकती काढली, भोक साफ केलं, नवी चकती बसवली. खर्च नगण्य. वायपर जायला आणि यायला लागला.

पोरं निघायच्या तयारीत. आम्ही म्हटलं, "थांबा. काटा बघितलात का?" कोणीच बघितला नव्हता. एक दुखणं सापडलं की दुसरं शोधायचं राहून जातं, हे वॉर्डात आम्ही पुष्कळदा पाहिलंय. दहा मिनिटं काट्यापुढे बसवलं तेव्हा तो चांगला उतरला. साबणाच्या पाण्याने चावीमागच्या जोडाला बुडबुडे दाखवले. नुसतं आवळून भागलं नाही, जोडातली पितळेची कडी बदलावी लागली.

जोड उघडण्याआधीच्या गोष्टी वहीत लाल शाईने लिहिल्यात, त्या इथेही देतो. बस सपाट जागी उभी करा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा, कारण काही जुन्या बसमध्ये हवा गेली की ब्रेकही गेला. मग टाक्यांतली हवा पूर्ण सोडा, काटा शून्यावर आल्याशिवाय पाना लावू नका. डोळ्यांवर चष्मा हवा. यांत नर्स म्हणून आमची एक भर : हवा येते का ते हाताच्या कातडीवर बघू नका. दाबलेली हवा बारीकशा जखमेतून कातडीखाली शिरू शकते. डोळ्याला, कानाला लागली तर कायमची इजा होते.

आता रोजची काळजी. यजमान म्हणायचे, वायपर बिघडत नाही, त्याला उपाशी आणि कोरडा ठेवून आपण बिघडवतो.

पाणी : हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साठते. गाडी चालली त्या प्रत्येक दिवशी टाकीखालची चावी उघडून ते काढून टाका. नाहीतर ते नळ्यांतून वायपरपर्यंत जातं, गंज आणतं, आणि हिवाळ्यात बारीक नळीत गोठून बसतं. काढलेलं पाणी दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर कॉम्प्रेसरचं तेल हवेत येतंय असं समजा. नव्या गाड्यांत हवा सुकवणारं यंत्र असतं, पण त्याचंही काडतूस वेळच्या वेळी बदलावं लागतं.

तेल : हवेच्या हत्यारांसाठी पातळ तेल मिळतं, त्याचे दोन-चार थेंब मोटरच्या नळीतून आत सोडा आणि वायपर सावकाश चालवा. जास्त नको, घट्ट ग्रीस नको, आणि रॉकेलने धुऊ नका, रबर फुगतं. नातवाने विचारलं, "आजी, खोबरेल चालेल?" आपण शनिवार तेल्यांची लेकरं. कोकणात आपले वाडवडील तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. तेव्हा तेलाचं आपल्याला कोणी शिकवू नये. म्हटलं, "स्वयंपाकघरातली बाटली बघ." खोबरेल तेल चोवीस अंशांच्या खाली थिजायला लागतं. इथल्या थंडीत बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. वायपरच्या पोटात ते मेणासारखं बसेल.

पातं : ओल्या फडक्याने रबराची कड पुसत जा. काळं निघेनासं होईपर्यंत पुसा. कोरड्या काचेवर वायपर चालवू नका. बर्फाने पातं काचेला चिकटलं असेल तर आधी हाताने हलकेच सोडवा. कडेला चीर पडली, किंवा काचेवर पाण्याची रेघ राहायला लागली, की रबर बदला. आणि बस चालवली नाही त्या महिन्यातही पाच मिनिटं, काच ओली करून, वायपर फिरवा. बिछान्यात पडून राहिलेल्या माणसाचे सांधे धरतात, याचेही धरतात.

ट्युलिपची सहल झाली. आजी-आजोबांनी लाल-पिवळे पट्टे पाहिले, सोबत आणलेले डबे खाल्ले, संध्याकाळी घरी आले. पावसाचा एक थेंब पडला नाही. वायपर दिवसभरात एकदाही लावावा लागला नाही. तो तिसरा मुलगा नातवाला म्हणाला, "बघ, मी सांगितलंच होतं."

नातवाने हे आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही म्हटलं, वॉर्डात ऑक्सिजनचा सिलिंडर रोज सकाळी तपासायचो. काटा बघायचा, चावी फिरवायची, वहीत सही करायची. कित्येक दिवस तो कोणालाच लागायचा नाही. म्हणून एक दिवस तपासणी सोडली असती तर चाललं असतं का? आणि त्यांची ती गळती तर पावसाची वाट बघत नव्हती. ब्रेकची हवा कोरड्या दिवशीही तेवढीच जात होती.

आता इथल्या बस बदलत चालल्या. २०१८ च्या मार्चमध्ये स्किपोल विमानतळाच्या परिसरात एकदम शंभर लांब विजेच्या बस रस्त्यावर आल्या. आताच्या बसचे वायपर विजेवर चालतात. पण ब्रेकला बहुतेक ठिकाणी हवाच लागते, आणि थांब्यावर आपल्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी बस एका अंगाला झुकते तेव्हाचा फस्स आवाजही त्याच हवेचा. तेव्हा एखाद्या दिवशी ड्रायव्हरने बस मधेच थांबवली तर कुरकुर करण्याआधी त्याने का थांबवली ते विचारा. आमच्यासारखं करू नका.

वहीचं काय? नातवाने तिच्या सगळ्या पानांचे फोटो काढले. पण फोटो काढून वाचता थोडंच येतं? म्हणून आता शुक्रवारी दुपारी तो अर्धा तास येतो. बाराखडीपासून सुरुवात करायची आमची इच्छा होती. त्याने ऐकलं नाही. वहीतला प्रत्येक पानावर येतो तोच शब्द आधी शिकव म्हणाला. ह, व ला काना. दोन अक्षरं. तेवढी त्याला आली.

तुमच्याही कोणाच्या घरी वडिलांची, आजोबांची अशी कामाची वही असेल तर नातवंडांना बसवून मोठ्याने वाचून दाखवा. पुढच्या अंकात डोळ्यांवर नक्की लिहितो.